एमएसडब्ल्यूची डिग्री आणि डोलवीचं गेट



पेण-रोहा भागातली पोरं-पोरी अलीकडे भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, बीएसडब्ल्यू झालं, एमएसडब्ल्यूला अॅडमिशन घेतलंय, पुढे काय?" परवा एकाने तर आडपडदा न ठेवता विचारलं, "डोलवीला कंपनीच्या सीएसआरमध्ये चिकटवता येईल का? कुणाची ओळख आहे का?"

माझी ओळख नाही. पण तो पोरगा गेल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. त्याच्या घरात शेतीचा सातबारा नाही. बाप ठेकेदाराकडे रोजंदारीवर. आई शिलाई करते. पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपवर आणि स्वाधारच्या उशिरा येणाऱ्या पैशांवर तो शिकला. त्याला आपण, म्हणजे चळवळीतली माणसं, काय उत्तर देतो?

आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं आपल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं: सीएसआर म्हणजे भांडवलदाराची दलाली, एनजीओ म्हणजे चळवळ थंड करायचा कारखाना, तू चळवळीत ये. हे सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात आहेत, आणि असावीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त मग दुसऱ्याच्या पोराला उपाशी राहून क्रांती करायला सांगू नये. दुसरं उत्तर करिअर मार्गदर्शन शिबिरातलं. तिथे पडद्यावर यादी दाखवतात: मेडिकल सोशल वर्कर, समुपदेशक, सीएसआर एक्झिक्युटिव्ह, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, एचआर, कामगार कल्याण अधिकारी. यादी खरी असते. पण पंचवीस नोकऱ्यांमध्ये फरक काय, तो पगाराच्या आकड्यापलीकडे कुणी सांगत नाही.

मला जो फरक दिसतो तो असा. काही पोस्टच्या हातात वाटप असतं आणि काही पोस्टच्या हातात कायदा असतो. आंबेडकरी पोराने पोस्ट निवडताना आधी हे बघावं. पदनाम किती भारी आहे ते नंतर.

डोलवीचंच घ्या. वडखळ सोडून मुंबई-गोवा रस्त्याने पुढे आलं की तो पोलादाचा प्रचंड कारखाना लागतो. जुनी माणसं अजून त्याला इस्पात म्हणतात. २०१० साली जेएसडब्ल्यूने इस्पात घेतली, आणि आज डोलवीची क्षमता वर्षाला एक कोटी टनांवर गेली आहे. बाजूला धरमतरची खाडी, जेट्टी, बार्जेस, गडबपर्यंत ट्रकांची रांग. खारबंदिस्तीची भातशेती, खाडीतली मासेमारी, आगरी-कोळ्यांची गावं, डोंगराकडे कातकऱ्यांच्या वाड्या आणि गावोगाव कडेला बौद्धवाडी. एवढ्या पट्ट्यात समाजकार्याची पदवी घेतलेल्या पोराला जवळात जवळ दिसणारी नोकरी म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या सीएसआरची किंवा तो सीएसआर राबवणाऱ्या संस्थेची. इकडे पोलाद, तिकडे नागोठण्याला पेट्रोकेमिकल, रोह्याला धाटावची केमिकल एमआयडीसी. स्वाभाविक आहे.

सीएसआर ही काय चीज आहे ते नीट समजून घ्या, कारण आपली पोरं तिला एक तर शिव्या घालतात नाही तर नमस्कार. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, किंवा हजार कोटींची उलाढाल, किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक असलं की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कंपनी जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कलमात आहे. कशावर खर्च करायचा त्याची यादी सातव्या अनुसूचीत. त्यात सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांच्या वाट्याला येणारी विषमता कमी करण्याचा उल्लेखसुद्धा आहे. म्हणजे कायद्याच्या शब्दात आपल्याला जागा आहे.

पण पैसा कुठे जाणार ते ठरवतं कोण? कंपनीच्या संचालकांची समिती. तिच्यात ग्रामसभेला खुर्ची नाही, बौद्धवाडीला नाही, कातकरी वाडीला तर नाहीच. समजा एखाद्या कंपनीने गावात पाण्याची टाकी बांधली आणि पाईप गावठाणात फिरून बौद्धवाडीच्या अलीकडे थांबला. तक्रार कुणाकडे करणार? ग्रामपंचायतीची योजना असती तर बीडीओकडे गेलो असतो, जिल्हा परिषदेसमोर बसलो असतो. इथे ती देणगी आहे. देणगीबद्दल भांडता येत नाही, आभार मानता येतात. आणि तो पाईप का थांबला हे ज्याला सगळ्यात आधी दिसेल तो त्या प्रकल्पावरचा आपला एमएसडब्ल्यू झालेला पोरगा असेल. त्याच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये 'लाभार्थी कुटुंबे' असा रकाना असतो. 'वगळलेली कुटुंबे आणि वगळण्याचं कारण' असा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही.

हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांनी तो ९० वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे, आणि समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलाच पाहिजे असा तो मजकूर आपल्या कॉलेजांतून शिकवत नाहीत. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिचे सचिव ठक्कर बाप्पा. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना व्हिक्टोरिया बोटीवरून बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगतो. या कामाकडे बघण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक म्हणते माणूस मागे राहिला कारण त्याच्यातच काही कमी आहे, म्हणून त्याला दारू सोडायला लावा, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा काढून द्या, तो सुधारेल. दुसरी म्हणते माणूस मागे राहिला कारण त्याच्या भोवतीची व्यवस्था त्याला मागे ठेवते, म्हणून व्यवस्थेला हात घाला. बाबासाहेबांचं मत स्पष्टपणे दुसऱ्या बाजूला होतं. गावच्या विहिरीवर पाणी, शाळेत प्रवेश, चावडीवर जाण्याचा आणि सार्वजनिक वाहनात बसण्याचा हक्क यासाठी खेड्याखेड्यात मोहीम काढा, आणि त्यासाठी कार्यकर्त्यांची फौज उभी करा, असं त्यांनी सुचवलं. उपदेशाने जे वर्षानुवर्षं झालं नाही ते महाडच्या तळ्याने आणि नाशिकच्या काळाराम मंदिराने थोड्या दिवसांत केलं, हेही त्यांनी त्यात सांगितलं. आणि कार्यकर्ते कोण असावेत? नुसते भाडोत्री चालणार नाहीत, त्या समाजातून आलेला माणूस हे काम जास्त जिव्हाळ्याने करील, असं त्यांचं म्हणणं. आपल्या समाजातही समाजसेवेच्या नावावर पोट भरणारे लबाड आहेत हे कबूल करून त्यांनी ते लिहिलंय, हे विशेष.

त्या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' मध्ये बाबासाहेबांनी ते पत्र छापलं तेव्हा हेही नोंदवलं.

पुढे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, आजची टाटा इन्स्टिट्यूट. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या वस्तीत त्यांनी जे काम केलं त्यातून ही शाळा निघाली. त्याच वर्षी बाबासाहेबांचं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झालं. एकाच शहरात, एकाच वर्षी. पण समाजकार्याचा अभ्यासक्रम अमेरिकेतून आला आणि अनेक दशकं केसवर्क, ग्रुपवर्क, समुदाय संघटन अशा खणांत बसून राहिला. जात त्यात आली तरी 'सामाजिक समस्या' या प्रकरणातल्या एका उपमुद्द्यापुरती. टाटा संस्थेत दलित आणि आदिवासी अभ्यास व कृती असं स्वतंत्र विशेषीकरण सुरू व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. मुलाखतीला जाताना हा इतिहास माहीत असू द्या. समाजकार्य हा परका विषय आहे आणि आपण त्यात आरक्षणाने शिरलोय असा न्यूनगंड अनेकांना असतो. तो काढून टाका. या देशात समाजकार्याचा सर्वात नेमका आराखडा ज्याने मांडला तो माणूस आपला होता.

आता महाड. डोलवीपासून याच हायवेने खाली गेलं की महाड. चवदार तळ्याची गोष्ट आपण दर वीस मार्चला ऐकतो, पण त्यातली एक कारकुनी बाब निसटते. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्येच मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेनेही त्यानंतर आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला होता. पाणी मात्र कुणी पीत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन गेले आणि कागदावरचा ठराव पाण्याला नेऊन लावला. मग मार खाल्ला, मग कोर्टात १९३७ पर्यंत दावा लढवला आणि जिंकला. ठराव नसता तरी सत्याग्रह झाला असता, आणि सनातन्यांना बंदीची रूढी सिद्ध करता आली नाही म्हणून कोर्टात हरावं लागलं.

आज असे कागदावर पडून असलेले ठराव कोणते? इथे आपल्या डिग्रीचा खरा संबंध येतो. 'सोशल वर्कर' हा शब्द या देशाच्या कायद्यांत ठिकठिकाणी लिहिलेला आहे, आणि त्याच्यापुढे खुर्ची मांडलेली आहे.

वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६, कलम १३. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती. तिच्यावर अनुसूचित जाती-जमातीच्या तीन व्यक्ती आणि त्या भागात राहणारे दोन सामाजिक कार्यकर्ते नेमायचे. जिल्ह्याला कलेक्टर नेमतो, उपविभागाला प्रांत. रायगडात हा कायदा शोभेचा नाही. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, उचल घेऊन जातात, आणि उचल फिटेपर्यंत सुटत नाहीत. ही उचल फेडायला माणूस बांधील नाही असं कायदा म्हणतो. हे त्या भट्टीवर जाऊन कोण सांगणार? पेणच्या प्रांत ऑफिसमध्ये त्या दोन खुर्च्यांवर कोण बसलंय, हे तुमच्यापैकी किती जणांनी कधी विचारलं?

अत्याचार प्रतिबंधक कायदा. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ए आलं. पीडिताला स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे पोलिस ठाण्यात ठाणे अंमलदार "तुम्ही कोण? नातेवाईक आहात का?" असं विचारतो तेव्हा उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व सनियंत्रण समिती तीन महिन्यांतून किमान एकदा बसली पाहिजे, तिच्यावर अनुसूचित जाती-जमातीचे अशासकीय सदस्य असतात. या जागांवर बहुतेक वेळा कुणा आमदाराचे, पालकमंत्र्यांचे कार्यकर्ते बसतात. त्यातले काही चांगले असतीलही. पण एफआयआर, चार्जशीट, अर्थसहाय्याचे टप्पे, पुनर्वसन यांची फाईल वाचता येणारा माणूस तिथे हवा, आणि ती फाईल वाचायला दोन वर्षं शिकलेला माणूस सीएसआरच्या वृक्षारोपणाचे फोटो अपलोड करतोय.

बाल न्याय कायदा २०१५. बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटच्या बरोबरीने दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी स्त्री. मुलांसाठी सात वर्षं काम केलेलं असावं लागतं. बाल कल्याण समितीच्या पात्रतेत तर समाजकार्याची पदवी नावानिशी आहे, आणि त्या समितीला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार आहेत. भट्टीवर राबणारं पोर सोडवून आणल्यावर ते कुठे राहील, कुणाकडे जाईल, हे ती समिती ठरवते. मित्रांनो, हा अधिकार आहे. शिलाई मशीन वाटप नाही.

हे सगळं ऐकल्यावर तो डोलवीवाला पोरगा म्हणाला, "दादा, समितीने पोट भरत नाही." बरोबर आहे. समितीवर बैठकीचा भत्ता मिळतो, पगार नाही. म्हणून पगाराच्या नोकऱ्यांकडे याच नजरेने बघू.

कामगार कल्याण अधिकारी. कारखाने अधिनियम १९४८, कलम ४९: पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे हा अधिकारी नेमणं सक्तीचं होतं. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा अडीचशेवर आणली आहे. डोलवी, नागोठणे, धाटाव या पट्ट्यात ही पोस्ट आहेच. पगार मालक देतो, त्यामुळे कुचंबणा होणार. पण या पदाच्या आदर्श नियमांत असं धोरण आहे की त्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईत पडू नये. म्हणजे कायद्याने तुम्हाला एक पाऊल मालकापासून लांब ठेवलंय, ते पाऊल राखायचं की पुसायचं ते तुमच्यावर. १९४२ ते ४६ मध्ये व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. सीएसआर विभागात बाहेरच्या गावाला दप्तरं वाटण्यापेक्षा गेटच्या आत ठेकेदारी कामगाराच्या कँटीन, पाळणाघर आणि अपघाताच्या नोंदीपाशी बसणं मला जास्त आंबेडकरी वाटतं. हे माझं मत. पटलं नाही तर वाद घाला.

हॉस्पिटल. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकाची पोस्ट असते. त्याहून कमी बोललं जातं ते धर्मादाय रुग्णालयांबद्दल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१एए खाली धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. पेण-रोह्याचा पेशंट गंभीर झाला की मुंबई-नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जातो आणि तिथे "बेड शिल्लक नाही" हे ऐकतो. ते खरं की खोटं, हे मेडिकल सोशल वर्करच्या टेबलावर ठरतं. त्या टेबलावर आपली पोरगी असेल तर काय होईल ते मी सांगायला नको.

पोलिस ठाण्यातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि नंतर राज्यभर गेलेला. जिल्हा बाल संरक्षण कक्षातला परिवीक्षा अधिकारी. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी. पोक्सोच्या केसमध्ये मुलाबरोबर कोर्टात उभा राहणारा सहायक व्यक्ती. प्रत्येकाच्या मागे कलम आहे. समाजकल्याण अधिकारी, सहायक आयुक्त एमपीएससीतून. ते जमलं तर उत्तमच, पण जाहिरात निघेपर्यंत वय निघून जातं, म्हणून फक्त त्याच्यावर बसू नका. प्राध्यापकीसाठी नेट-सेट करा, पण तासिका तत्त्वावर किती वर्षं काढावी लागतात ते सीनियर्सना विचारून मग ठरवा.

आणि लपवण्यात अर्थ नाही: यातल्या बऱ्याच जागा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहेत. मानधन वेळेवर येत नाही. बिंदुनामावली कंत्राटी भरतीत कुठे हरवते ते कुणाला सापडत नाही. कायदा राबवणारा माणूस स्वतः कंत्राटी असेल तर कलेक्टरसमोर तो किती ताठ बसेल? समाजकार्याची पदवी घेतलेल्यांची वकिलांसारखी देशपातळीवर कौन्सिल नाही, म्हणून कुणीही उठतो आणि समाजसेवक होतो. बार्टीच्या समतादूतांपासून बाल संरक्षण कक्षापर्यंत कंत्राटी काम करणाऱ्या आपल्या पोरांची मजबूत संघटना बांधणं हे चळवळीचं काम आहे, आणि आपण ते केलेलं नाही. जयंतीच्या डीजेवर जितका वेळ जातो त्याच्या चौथाई वेळ इकडे दिला असता तरी चाललं असतं.

एक वाट मात्र पेणच्या मातीतूनच निघते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझवर सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. सेझ आला नाही. त्या लढ्यात पुढे असलेल्या उल्का महाजन समाजकार्यच शिकलेल्या, आणि त्यांचं सर्वहारा जन आंदोलन रायगडातल्या आदिवासींमध्ये उभं राहिलेलं. नंतर २०१३ चा भूसंपादन कायदा आला आणि त्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आलं. त्या कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त सातबारावाला नाही. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर ज्याची उपजीविका आहे तो शेतमजूर, कूळ, कारागीर, मच्छीमारसुद्धा. हा आपला माणूस. मोबदल्याच्या बैठकीत ज्याला खुर्ची मिळत नव्हती तो. त्याला यादीत घेणारा सर्व्हे कोण करतो, कोणत्या वाडीपर्यंत चालत जातो, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून अनेक प्रकल्पांना या मूल्यांकनातून सुटण्याची वाट काढून दिली. म्हणजे मूल्यांकन सरकारला किती टोचतं ते कळलं. जिथे ते होतं तिथे त्या टीममध्ये शिरा. रिसर्च इन्व्हेस्टिगेटर म्हणून का होईना.

मग त्या पोराला मी काय सांगितलं? सीएसआर मिळत असेल तर घे. घरी पैसा लागतो, त्यात लाज नाही. पण दोन-तीन वर्षं धर. तेवढ्यात संध्याकाळचं लॉ कॉलेज कर, गावागावातल्या वगळलेल्या घरांची वही स्वतःसाठी ठेव, कंपनीच्या रिपोर्टमध्ये तिला जागा नसली तरी. आणि नोकरीची वाट बघत बसलायस तोवर एक काम आजच कर. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि माहिती अधिकारात पेण प्रांत आणि अलिबागच्या कलेक्टर ऑफिसला विचार: वेठबिगार दक्षता समितीवर सध्या कोण सामाजिक कार्यकर्ते आहेत, त्यांची नेमणूक कधी झाली, गेल्या तीन वर्षांत बैठका किती झाल्या, इतिवृत्ताच्या प्रती द्या. अत्याचार प्रतिबंधक समितीबद्दल हेच प्रश्न. रोह्यातल्या पोरांनी रोहा उपविभागाला टाकावेत. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. आलं की मला दाखवा, नाही आलं तर पहिलं अपील आपण एकत्र बसून लिहू.